‘वाच’ म्हणतो ते कोणासाठी?



दहावीचे निकाल लागले की रविवारच्या मिस्सानंतर आमच्या ऑफिसच्या दारात पालकांची वर्दळ वाढते. कोणाला कॉलेज-प्रवेशासाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाला दोन ओळींची शिफारस. ते काम उरकले की निघता निघता हमखास एक विनंती होते: ‘फादर, तुम्ही जरा याला सांगा ना. काही वाचतच नाही.’ मुलगा किंवा मुलगी बाजूलाच खाली मान घालून उभी असते. आम्ही विचारतो, काय वाचावे असे तुम्हाला वाटते? उत्तर येते, ‘काहीही चालेल, पण इंग्रजी सुधारेल असे.’ किंवा, ‘जनरल नॉलेज वाढेल असे. पुढे परीक्षांना उपयोगी पडते.’ एखादी आई उलटीच तक्रार घेऊन येते. तिची मुलगी रात्री बारा-बारा वाजेपर्यंत कादंबऱ्या वाचते. ‘ते वाचन नको, फादर. अभ्यासाचे वाचायला सांगा.’

विज्ञानाची गतही तीच. ‘आमच्याने सायन्स घेतले’ असे अभिमानाने सांगितले जाते, आणि घेतले म्हणजे अकरावीला त्या शाखेत प्रवेश घेतला. सायन्स हा शब्द आपल्या तोंडी आता ज्ञानशाखेचे नाव राहिलेला नाही, एका रांगेचे नाव झाला आहे. रांगेच्या त्या टोकाला नीट आणि जेईई उभ्या आहेत. मुलांमध्ये विज्ञानाची गोडी वाढावी म्हणून डॉ. होमी भाभा यांच्या नावाने सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांसाठी एक चांगली स्पर्धा बऱ्याच वर्षांपासून घेतली जाते. त्या गोडीचेही आता क्लास निघाले आहेत आणि त्यांची फी भरावी लागते.

आम्ही पालकांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ज्या घरात बापाने शेतीचा तुकडा विकून इंजिनिअरिंगची फी भरली, त्या घरात मार्क म्हणजे भाकरी असते, हे आम्ही याच धर्मग्रामात पाहतो. तरीही एक प्रश्न विचारावासा वाटतो, आणि तो नीतीचा प्रश्न आहे असे आम्हाला वाटते. आपण मुलाला वाचनाचे, विज्ञानाचे, तब्येत सांभाळण्याचे उत्तेजन देतो, तेव्हा ते नेमके कोणासाठी देत असतो? एखाद्या गोष्टीवर प्रेम कर, कारण त्यातून पुढे अमुक मिळेल, असे सांगितल्यावर जे उत्पन्न होते त्याला प्रेम म्हणता येईल काय?

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला अॅरिस्टॉटल शिकवला गेला, तेव्हा त्याच्या एका युक्तिवादाची आम्हाला मौज वाटली होती. जाणून घेण्याची ओढ माणसाच्या स्वभावातच असते, असे त्याचे म्हणणे. त्याला पुरावा काय, तर आपल्याला नुसते पाहायला आवडते. काही काम नसतानाही आपण पाहत बसतो. म्हणजे ज्ञानाच्या ओढीचा पुरावा त्याने एका बिनकामाच्या सुखात शोधला. आज एखादा मुलगा गॅलरीत बसून नुसता पाहत राहिला, तर आपण त्याला पहिला प्रश्न विचारतो, ‘काय रे, काही काम नाही का?’

अर्थात पाहणे पाहण्यासारखे असते असे सरसकट म्हणता येत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी यात भेद केला आहे. ज्ञानाच्या ओढीला त्यांनी संयम या सद्‍गुणाखाली जागा दिली, हे पहिल्यांदा वाचताना आम्हाला नवल वाटले. ज्ञान कितीही मिळाले तरी चांगलेच, मग संयम कशाला? त्यांचे उत्तर असे की इथे माणसाच्या ठायी दोन ओढी एकमेकींच्या विरुद्ध चालतात. मनाला सगळे काही जाणायचे असते, म्हणून ते भरकटते. शरीराला कष्ट नको असतात, म्हणून ते टाळते. मनाला आवरणे आणि शरीराला नेटाने कामाला लावणे, ही दोन्ही कामे ज्याला जमली तो अभ्यासू. ज्याला जमली नाहीत, त्याची जिज्ञासा नुसती इकडून तिकडे उड्या मारत राहते. हे तेराव्या शतकात लिहिलेले आहे, पण मोबाईलवर एकामागून एक रील सरकवणाऱ्या अंगठ्याचे वर्णन आम्हाला याहून नेमके सापडलेले नाही.

संत ऑगस्टीन यांनी त्यांच्याही आठ-नऊशे वर्षे आधी आपल्या आत्मकथनात हीच तक्रार स्वतःविरुद्ध केली आहे. घरात बसलेलो असताना पाल माशी कशी पकडते किंवा कोळी आपल्या जाळ्यात तिला कसा गुंडाळतो, याकडे आपले लक्ष जाते आणि मन मूळ चिंतनावरून ढळते, याचा त्यांना खेद होतो. ते दृश्य पाहून आपण पुढे निर्मात्याची स्तुती करतो हे ते मान्य करतात, पण सुरुवात काही त्यासाठी झालेली नसते, असेही प्रामाणिकपणे सांगतात.

इथे संत ऑगस्टीन यांच्याशी थोडा वाद घालण्याची मुभा आम्ही घेतो. आपल्या धर्मग्रामातला एखादा चौदा वर्षांचा मुलगा ट्यूबलाईटशेजारची पाल अर्धा तास पाहत बसला, तर आम्ही त्याला उठवणार नाही. पाल छताला उलटी कशी चिकटते? माशी अगदी जवळ येईपर्यंत ती हलत कशी नाही? तुटलेली शेपटी पुन्हा उगवते, मग आपले बोट का उगवत नाही? विज्ञानाची सुरुवात अशीच होते. आणि पालीच्या दृश्यात एक गुण आहे, जो रीलमध्ये नाही. आपण पाहत आहोत याची पालीला पर्वा नसते. आपल्याला खिळवून ठेवण्यासाठी ती काही करत नाही. ती माशी पकडते किंवा तिचा नेम चुकतो, आणि खेळ संपतो. मागे एक प्रश्न उरतो आणि तो आपला असतो. मोबाईलवर दिसणाऱ्या चित्रफिती मात्र आपण कुठे थांबलो, काय पुन्हा पाहिले, याची नोंद ठेवून आपल्यापुढे मांडल्या जातात. एक संपायच्या आत दुसरी सुरू होते, त्यामुळे प्रश्न पडायला मध्ये जागाच उरत नाही. तिथे आपण पाहत असतो त्याहून अधिक पाहिले जात असतो.

म्हणून ‘मोबाईल सोड आणि वाच’ हे वाक्य आम्हाला अर्धे बरोबर वाटते. मोबाईल का सोडायचा हे मुलांना कळते, ती मूर्ख नाहीत. पण त्याच दमात आपण पुस्तक पुढे करून ‘याने तुझे मार्क वाढतील’ म्हणतो, तेव्हा आपणही मुलाला खिळवून आपल्याला हवे तिकडे नेणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. मुलाला ते लगेच ओळखू येते. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे कांट या तत्त्वज्ञाने सांगितले. त्यातला ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मुलाने शिकून घर सावरावे ही अपेक्षा बाळगण्यात काही पाप नाही. पण त्याच्या सगळ्याच आवडीनिवडींना, झोपेला, खेळाला आणि वाचनाला त्या एकाच अपेक्षेच्या गाडीला जुंपले, तर त्या मुलाचे स्वतःचे असे काय उरते?

मग उत्तेजन द्यायचे तरी कसे? डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. त्यांचे बालपण बनारसला गेले, वडील तिथल्या हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. घरात मुलांसाठी भिंतीवर फळे लावलेले होते. त्यांचे एक मामा, मोरूमामा, शिकण्यासाठी त्यांच्या घरी राहायला आले. ते त्या फळ्यावर गणितातले एखादे कोडे लिहून ठेवत आणि वर लिहीत की हे जयंतसाठी आव्हान आहे. बस्स. शाळकरी जयंतने ते सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत ते तिथेच असे.

या मामांनी काय केले नाही, ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी बक्षीस लावले नाही, शेजारच्या मुलाशी तुलना केली नाही, हे पुढे परीक्षेत येईल असे सांगितले नाही. त्यांना स्वतःला गणित आवडत होते आणि आपल्याला आवडलेली वस्तू त्यांनी भाच्याच्या वाटेवर ठेवली. जाता-येता ती त्याला दिसत राही. घ्यायची की नाही, हे त्याच्यावर.

आता कोणी म्हणेल, फादर, ते प्राध्यापकाचे घर. आमच्या घरात कसला फळा? खरे आहे. पण आपल्या वसईच्या किनाऱ्यावरच्या घरांत जे लिहिलेले नाही असे बरेच काही आहे. जुन्या माणसांना विचारा, आज भरती किती वाजता? ती घड्याळ बघत नाहीत, तिथी विचारतात. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला आठ पाऊण सहा. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसांनीही या हिशेबावर होड्या काढल्या आणि परत आणल्या.

आजोबांकडे हिशेब आहे, पण कारण बहुधा नाही. ते नातवाने शोधायचे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याच दिशेने चंद्रही तिच्याभोवती रोज थोडा पुढे सरकतो. त्यामुळे किनाऱ्याचा एखादा भाग पुन्हा चंद्रासमोर यायला चोवीस तासांवर सुमारे पन्नास मिनिटे जास्त लागतात. पाऊणपटीचे रहस्य यात आहे. पण मग भरती दिवसातून दोनदा का? चंद्र एका बाजूला असताना पलीकडच्या बाजूलाही पाणी का चढते? चंद्राची ओढ जवळच्या बाजूला अधिक आणि लांबच्या बाजूला कमी असते, आणि फुगवटा या फरकातून दोन्हीकडे येतो, असे पुस्तक सांगते. एवढ्याने समाधान होणार नाही. होऊ नये. कागदावर आकृती काढून पाहावी लागेल, एखाद्या शिक्षकाला गाठावे लागेल.

गंमत अशी की याच प्रश्नावर खुद्द गॅलिलिओ चुकला. १६३२ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात पृथ्वी फिरते हे सिद्ध करायला त्याने भरती-ओहोटीचाच पुरावा दिला. पृथ्वीच्या गतीमुळे समुद्राचे पाणी हिंदकळते, अशी त्याची कल्पना. चंद्राचा संबंध केपलरने सांगितला होता, तो त्याने उडवून लावला. त्याच्या हिशेबाने खरे तर दिवसाला एकच भरती यायला हवी, आणि दुसरीसाठी त्याला वेगळी कारणे शोधावी लागली. आपल्या पाचूबंदरचा कोणीही कोळीबांधव त्याला ही अडचण सांगू शकला असता! पृथ्वी फिरते हे मात्र गॅलिलिओचे बरोबर होते. त्या मतासाठी १६३३ साली त्याला चर्चच्या न्यायासनाने दोषी ठरवले, आणि हा अन्याय होता हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली उघडपणे मान्य केले. निष्कर्ष बरोबर आणि पुरावा चूक, असेही असू शकते, हे सोळा वर्षांच्या मुलाला गणिताच्या वहीत सहसा भेटत नाही, कारण तिथे उत्तर मागच्या पानावर असते. ते त्याला अशा वाचनात भेटते.

यावर काही भाविकांच्या मनात एक शंका येते. ती त्यांनी आमच्याजवळ बोलून दाखवली आहे, म्हणून ती टाळत नाही. मुले असे मोकळे वाचू लागली, विज्ञानाचे प्रश्न विचारू लागली, तर उद्या ती देऊळमाता चर्चलाही प्रश्न विचारतील. दृढीकरणानंतर तसेही मागचे बाक रिकामे होत चालले आहेत. मग धर्मगुरूनेच हे उत्तेजन द्यावे का? की निदान श्रद्धेला पूरक असेल तेवढेच वाचायला द्यावे?

मोह मोठा आहे. पण इथेही वरचाच प्रश्न उभा राहतो. मार्कांसाठी वाचनाला जुंपणे चूक असेल, तर देवळाच्या बाकांसाठी जुंपणे बरोबर कसे? जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावत आहे हे त्यांनी १९२७ साली गणिताने मांडले आणि १९३१ साली ते सारे एका आदिम अणूतून सुरू झाले असावे, अशी कल्पना पुढे ठेवली. पुढे तिलाच महास्फोटाचा सिद्धान्त म्हणू लागले. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी एका भाषणात या शोधांचा संबंध परमेश्वराच्या निर्मितीकार्याशी जोडला. एखाद्या धर्मगुरूला याहून मोठा सन्मान कोणता? पण लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धान्त श्रद्धेच्या बाजूचाही नाही आणि विरुद्धही नाही, त्याची परीक्षा दुर्बिणीने आणि गणितानेच व्हावी, अशी त्यांची भूमिका होती. त्यांची श्रद्धा पक्की होती, म्हणून तिला टेकू म्हणून विज्ञान वापरण्याची त्यांना गरज वाटली नाही, असे आम्ही समजतो. १९६६ साली ते वारले. त्याआधी थोडेच दिवस, विश्वाच्या त्या आरंभीच्या उष्णतेचा अवशेष म्हणता येतील असे किरण सापडल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती.

आणि याच महास्फोटाच्या सिद्धान्ताला आपल्या नारळीकरांनी जन्मभर विरोध केला. गुरू फ्रेड हॉईल यांच्यासोबत त्यांनी पर्यायी सिद्धान्त मांडले. बहुसंख्य शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला गेले तरी पुराव्याविषयीचे आपले आक्षेप ते मांडत राहिले. आपल्या मुलांनी लमेत्र वाचावेत की नारळीकर? आम्ही तर दोघांचीही पुस्तके एकाच फळीवर ठेवू. वाचून एखादा मुलगा आमच्या मताविरुद्ध गेला तर आम्हाला वाईट वाटेल, पण त्याने न वाचता आमच्या बाजूला राहण्यापेक्षा ते बरे. सत्य सत्याच्या विरुद्ध जाऊ शकत नाही, असे चर्च शिकवते. ते आपण खरोखर मानत असू, तर मुलाच्या हातातल्या पुस्तकाला घाबरण्याचे कारण उरत नाही.

जाता जाता आणखी एक. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली तेव्हाच्या उस्मानाबादला मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा अख्ख्या वसईने फटाके वाजवले. त्याच वसईत मुलीच्या हातातली कादंबरी काढून घेतली जाते. भाऊ वाचत असला तर घर त्याच्याभोवती चवड्यांवर चालते, आणि बहीण वाचत असली की नेमके तेव्हाच भाकऱ्या थापायचे आठवते. याविषयी जास्त लिहायची गरज नाही, प्रत्येक घराला आपले ठाऊक आहे.

तब्येतीविषयी मात्र जरा थांबून लिहायला हवे, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. वयात येताना मुलांच्या शरीरातले घड्याळच पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन नावाचे संप्रेरक त्या वयात रात्री उशिरा पाझरू लागते. म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाला दहाला झोप येत नाही आणि सकाळी सहाला जाग येत नाही. त्याला आपण आळस म्हणतो. त्या वयाला आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे पहाटेचा क्लास, मग कॉलेज, मग संध्याकाळचा क्लास, मग टेस्ट सिरीज. २०२४ साली राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय काढला. चांगले झाले. पण ज्यांचे घड्याळ खरोखर उशिरा चालते ती ही मोठी मुले, आणि त्यांच्यासाठी कोणी काही म्हटले नाही. मोबाईलचा उजेड आणि मोह या सगळ्यात भर घालतो हे खरे. पण साडेपाचचा गजर लावणारा मोबाईल मुलाचा असला, तरी क्लासची वेळ त्याने ठरवलेली नसते.

आता झोपेचे महत्त्व आपण मुलांना कसे सांगतो ते ऐका. ‘झोप नीट, म्हणजे पेपर चांगला जाईल.’ ‘बदाम खा, म्हणजे पाठ होईल.’ ‘थोडे खेळ, म्हणजे डोके ताजे होऊन अभ्यास होईल.’ झोप, बदाम, खेळ, सगळ्यांचा धनी एकच. रोज हे ऐकणारे मूल एक निष्कर्ष काढते, आणि तर्कशास्त्राच्या नियमाने तो चुकीचाही नाही: माझ्याकडचे सारे काही मार्कांसाठी असेल, तर मार्क गेल्यावर माझ्याकडे काही उरत नाही. २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्राची होती. प्रत्येकामागे एकच कारण असते असे नाही. आजार असतो, घरातले ताण असतात, प्रेमभंग असतो. पण तेरा हजारांपैकी किती जणांनी हा निष्कर्ष मनात काढला असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो, वाचन हे यावरचे औषध नाही. आपल्यासारखेच दुसऱ्या कोणाला कधीतरी वाटले होते, हे एखाद्या कथेत सापडले की एकटेपणा थोडा कमी होतो, एवढे खरे. पण जे मूल अनेक दिवस जेवत नाही, झोपत नाही, मित्र टाळते, जगण्यात अर्थ नाही असे बोलते, त्याच्या हाती पुस्तक ठेवून चालत नाही, आणि ‘रोझरी कर, सारे ठीक होईल’ एवढे म्हणूनही चालत नाही. प्रार्थना करावी आणि डॉक्टरकडेही न्यावे. शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे. तिथे मराठीतही बोलता येते. मूल आपल्याशी बोलत असेल तर मध्ये उपदेश न करता ऐकून घ्यावे. मार्कांचा विषय त्या दिवशी काढू नये. दुसऱ्या दिवशीही नाही काढला तरी चालेल.

पालकांनी परीक्षेचा विचार सोडावा असे आम्ही म्हणत नाही. फी खरी आहे, कर्जाचे हप्ते खरे आहेत. दिवसातला एक तास मात्र कशासाठीही नसलेला असावा. त्या तासात मूल काय करते याचा हिशेब आपण मागू नये. ते कादंबरी वाचेल, जुना पंखा उघडून बसेल, नाहीतर पाल बघेल. पहिले काही दिवस ते मोबाईलच बघेल हे आम्हाला ठाऊक आहे. त्याच तासात आई-वडिलांनीही आपला मोबाईल कपाटात ठेवला, तर गोष्ट थोडी सोपी जाते. ज्यांना स्वतःला वाचायची सवय नाही त्यांनी लाजू नये. मुलाला म्हणावे, मला हे वाचून दाखव. यात मुलाची परीक्षा नसावी, आपल्याला खरेच ऐकायचे असावे.

आपल्या पॅरिश हॉलमध्ये काचेची दारे असलेले पुस्तकांचे एक कपाट आहे. त्याची किल्ली सांभाळून ठेवलेली असल्यामुळे पुस्तकेही सुरक्षित राहिली आहेत, अगदी कोणी वाचण्यापासूनसुद्धा. येत्या रविवारपासून दुसऱ्या मिस्सानंतर ते उघडे राहील आणि किल्ली कोणाकडे मागावी लागणार नाही. नाव लिहायला वही ठेवणार नाही. पुस्तक कधी परत आणणार, वाचून काय बोध घेतला, असे कोणी विचारणार नाही. ज्यांच्या घरी विज्ञानाची, चरित्रांची, गोष्टींची जुनी पुस्तके पडून असतील त्यांनी ती आणून द्यावीत. गाईड आणि प्रश्नसंच मात्र कृपया आणू नयेत.

आणि पाऊणपटीच्या हिशेबाविषयी. हा हिशेब ढोबळ आहे, काही दिवशी तो थोडा चुकतो. किती चुकतो आणि का, हे पाहण्यासाठी येत्या अष्टमीला संध्याकाळी पाच वाजता ज्या मुलामुलींना यायचे असेल त्यांनी जेटीवर यावे. सोबत घरातले एक मोठे माणूस असावे, शक्य तर आजोबा किंवा आजी. भिंतीवर खडूने खुणा करून पाणी केव्हा चढायचे थांबते ते मुलांनीच घड्याळ लावून लिहून घ्यायचे आहे. सहा वाजता थांबले तर आजोबांचा हिशेब जिंकला. नाही थांबले, तर सोमवारी कपाटात याविषयीचे एक पुस्तक वरच्याच फळीवर ठेवलेले असेल.